कोकणातून डॉक्टर व्हायचंय, पण परवडेल असं कॉलेज कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराघरांत तेच तेच प्रश्न सुरू होतात. फॉर्म भरताना मदत मागायला येणारे पालक आणि मुलं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. फी आणि नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची, माहितीपुस्तिका शेजारी ठेवूनच हे वाचावं. यात माझी मतंही आहेत आणि ती ठाम आहेत, कारण एका सीटपायी कलमांची बाग गहाण पडलेली घरं मी जवळून पाहिली आहेत.

आधी बी.एस्सी. करून मग मेडिकलला जायचं असतं का? अमेरिकेतला भाचा तसं म्हणतो.

अमेरिकेत तसंच आहे. तिथे चार वर्षांची पदवी झाल्यावर मेडिकल स्कूल. आपल्याकडे बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट एवढ्यावर थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. बी.एस्सी. लागत नाही. एखादं वर्ष हुकलं आणि घरी नुसतं बसायचं नसेल तर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून पुन्हा नीटची तयारी करणारी मुलं आहेत. त्यात वावगं काही नाही.

सगळ्यांत स्वस्त कॉलेज कोणतं?

एम्सची फी नाममात्र असते, पण तिथे रँक फार वरची लागते. पुण्याच्या एएफएमसीत ट्यूशन फी नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आपल्या बहुतेक मुलांसाठी खरा स्वस्त पर्याय म्हणजे राज्य सरकारची आणि महापालिकांची कॉलेजं. तिथे खुल्या वर्गाची वर्षाची फी ढोबळमानाने सव्वा ते पावणेदोन लाख पडते. ग्रँट (जे.जे.), सेठ जी. एस. (केईएम), सायन, नायर, कूपर, कळवा, अंबरनाथ, अलिबाग, रत्नागिरी, ओरोस, शिवाय घाटावर कोल्हापूर आणि मिरज ही सगळी या गटात मोडतात.

खासगी कॉलेजातल्या राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार ठरवून देतं. ती वर्षाला सहा-सात लाखांपासून पंधरा लाखांच्या घरात जाते. त्याच कॉलेजातल्या इन्स्टिट्यूट कोट्याची (कॉलेज व्यवस्थापनाच्या वाट्याच्या जागांची) फी याच्या कित्येक पट असते. अभिमत विद्यापीठांत तर वर्षालाच वीस लाखांच्या पुढचा हिशोब असतो आणि राज्याच्या सवलती तिथे लागू होत नाहीत.

एकूण खर्च किती धरायचा?

फी साडेचार वर्षांची आणि पोट साडेपाच वर्षांचं, हे पहिलं लक्षात घ्या. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, नंतर एक वर्ष इंटर्नशिप.

कागदावर मांडून बघू. सरकारी कॉलेजात वर्षाला दीड लाख फी धरली तर साडेचार वर्षांचे पावणेसात लाख. मेस, होस्टेल, मोबाईल, गाडीभाडं मिळून महिन्याला सात हजार धरले तर ६६ महिन्यांचे ४ लाख ६२ हजार. पुस्तकं, ॲप्रन, स्टेथोस्कोप, परीक्षा फी धरून सगळं बारा लाखांच्या आसपास जातं. इंटर्नशिपच्या वर्षी विद्यावेतन मिळतं, त्यातून शेवटच्या वर्षाचा हातखर्च बराचसा निघतो.

आता खासगी. वर्षाला दहा लाख फी म्हणजे ४५ लाख. होस्टेल आणि मेसचे वर्षाला दीड लाख धरले तर साडेपाच वर्षांचे सव्वाआठ लाख. बेरीज ५३ लाखांवर जाते. दोन्हीकडे डिग्री एकाच विद्यापीठाची, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि पेपरही तेच. मधल्या ४१ लाखांत पुढे एमडी-एमएसची सोय होते, किंवा गावात दवाखाना उभा राहतो.

पालक बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा डीडी निघतोय का एवढंच बघतात. दुसऱ्या वर्षाचा डीडी कुठून काढायचा, हे पहिला काढायच्या आधी ठरवा.

घराजवळचं खासगी घ्यावं की लांबचं सरकारी?

लांबचं सरकारी. नंदुरबार असो, गोंदिया असो, नांदेड असो. मुलगी लांब राहील कशी, आईला करमेल कसं, हे प्रश्न खरे आहेत आणि मी ते हलके धरत नाही. पण सुट्ट्या मोजक्याच असतात, आणि घरापासून पन्नास किलोमीटरवरचं पोरही पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या ओझ्याखाली दर रविवारी घरी येत नाही. त्या जवळिकीसाठी चाळीस लाख मोजू नका.

२०२० साली विभागवार ७०:३० चा कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देण्याचा नियम, रद्द झाला. तेव्हापासून मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सरकारी जागांवर कोकणातल्या मुलाचा हक्क बरोबरीचा आहे, आणि तिकडच्या मुलांचा इकडे. प्रेफरन्स फॉर्ममध्ये फक्त मुंबई आणि कोकण भरून थांबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कोकणातली सरकारी कॉलेजं नवीन आहेत. तिथे शिकून चांगला डॉक्टर होता येईल का?

होता येईल, पण कुठे कमी पडतं ते डोळसपणे माहीत हवं. अलिबाग आणि ओरोस इथली कॉलेजं २०२१ मध्ये सुरू झाली, रत्नागिरीचं २०२३ मध्ये. तिन्ही ठिकाणी १०० जागा. जिल्हा रुग्णालयांना जोडून ती उभी राहिली. नव्या सरकारी कॉलेजांत वरिष्ठ प्राध्यापकांच्या जागा भरायला वेळ लागतो, इमारती बांधून होईपर्यंत तात्पुरत्या जागेत दिवस काढावे लागतात, आणि हृदय-मेंदूची मोठी शस्त्रक्रिया बघायची तर ती तिथे बघायला मिळत नाही. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण आजही गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला हलवतात, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरी बाजूही आहे. पावसाळ्यात लेप्टोचे तापकरी, भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप, विंचूदंश, महामार्गावरचे अपघात. हे रुग्ण पुस्तकातून शिकता येत नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. नागपूरच्या सरकारी कॉलेजात शिकलेले हे डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना बघत होते. तिथेच रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यातून असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉक्टर घडतो तो रुग्णांमुळे, आणि रुग्ण कोकणात भरपूर आहेत.

क्रम विचाराल तर रँक बसत असेल तर मुंबई-पुण्याची जुनी सरकारी आणि महापालिका कॉलेजं आधी, मग मिरज, कोल्हापूर, सोलापूर यांसारखी जम बसलेली, मग आपली कोकणातली नवी. आणि ही सगळी संपल्यावर खासगी.

डेरवण आणि पडवे इथल्या कॉलेजांचं काय?

सावर्ड्याजवळ डेरवणचं बी.के.एल. वालावलकर आणि कसालजवळ पडव्याचं एस.एस.पी.एम. ही कोकणातली खासगी कॉलेजं. राज्य कोट्यातून, सवलत मिळत असेल तर यांचा विचार जरूर करा. सवलत नसेल तर वरचा ५३ लाखांचा हिशोब पुन्हा एकदा वाचा, आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मंजूर फी स्वतः बघा. कोणाच्या तोंडचा आकडा धरून चालू नका.

कॉलेज बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं?

इमारत, कारंजं, लेक्चर हॉलचा एसी हे शेवटी बघा. सकाळी साडेनऊला केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहा. रांग किती आहे, कुठल्या गावांहून माणसं आली आहेत, मेडिसिनच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर जागा आहे का. मग वॉर्डातून एक फेरी मारा. खाटा भरलेल्या आहेत का, खाटेला लावलेल्या कागदावर तारखा-नोंदी आहेत का, की चादरी नुसत्या ताणून घातल्या आहेत. तपासणीच्या दिवशीच वॉर्ड भरलेला दिसतो अशी कॉलेजं राज्यात आहेत. म्हणून साध्या मंगळवारी-बुधवारी, न कळवता जा.

त्यानंतर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. तिथे इंटर्न भेटतात आणि ते खरं बोलतात. त्यांना विचारा, स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस? टाके घालायला मिळतात का? रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत वरिष्ठ कोणी असतं का? ॲनाटॉमीला एका बॉडीवर किती मुलं होती? एखाद्या इंटर्नला या प्रश्नांची उत्तरं देताना अडखळायला झालं तर त्या कॉलेजचा कागदोपत्री दर्जा कितीही चांगला असो, मी त्याला खाली ढकलेन.

होस्टेलवर पाण्याचं विचारा. कोकणात चार महिने छत गळेल इतका पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर लागतो. मेस सक्तीची आहे का, सुट्टीतल्या दिवसांचे पैसे कापतात की परत देतात, हेही विचारा. वर्षाकाठी वीस-पंचवीस हजारांचा फरक इथेच पडतो.

मुलींची फी माफ झाली म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि मुलीच्या बापाने हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. सरकारीबरोबर खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे. अट एवढीच की प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधूनच (केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) झालेला हवा. इन्स्टिट्यूट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यातून बाहेर.

याचा अर्थ कुणकेश्वरच्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या ओबीसी मुलीला खासगी कॉलेजातली राज्य कोट्याची सीट परवडू शकते. मात्र होस्टेल, मेस, अनामत रक्कम हे खिशातूनच जातं. काही ठिकाणी आधी भरा, मग परत मिळेल असंही सांगतात. प्रेफरन्स भरण्याआधी कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला फोन करून हे विचारून घ्या, आणि कोण बोललं ते लिहून ठेवा.

मग मुलग्यांना काहीच नाही?

आहे, पण तुटपुंजं. खुल्या वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. ओबीसी मुलग्यांनाही निम्मी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जातींसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. वसतिगृह खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. आधारशी जोडलेलं बँक खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं आणि अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी अर्ज भरायचा राहिला म्हणून शिष्यवृत्ती बुडालेली मुलं दरवर्षी भेटतात. फार वाईट वाटतं.

कागदपत्रांची तयारी कधी सुरू करायची?

अकरावीत. जूनमध्ये निकाल लागल्यावर तहसील कार्यालयात धावायचं म्हणजे सेतूच्या रांगेत अर्धा जिल्हा उभा असतो, लाईट गेलेली असते आणि सर्व्हर बंद.

अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल, सगळ्यांना लागतो. उत्पन्नाचा दाखला, ओबीसी-एसईबीसीला नॉन-क्रिमीलेअर, खुल्या वर्गातल्या पात्र मुलांना ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला. पण खरी कसोटी जात वैधता प्रमाणपत्राची. व्हॅलिडिटी नसेल तर मार्क असूनही प्रवर्गातली जागा हातची जाते आणि मुलगा खुल्या वर्गात ढकलला जातो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो.

इथे कोकणातली अडचण वेगळीच आहे. आजोबा मुंबईला गिरणीत गेले, तिथे नावापुढे गावाचं आडनाव लागलं, गावच्या शाळेच्या रजिस्टरवर मात्र दुसरंच आडनाव आणि पुढे नुसतं 'कुळवाडी' किंवा 'हिंदू मराठी'. भंडारी, कुणबी घरांत हे हमखास सापडतं. तेव्हा गणपतीत गावी याल तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आजोबांच्या, त्यांच्या भावंडांच्या, आत्याआजीच्या दाखल्याचे उतारे काढा. तहसीलमधून जुने जन्म-मृत्यूचे उतारे शोधा. वडिलांकडच्या एखाद्या चुलत्याला व्हॅलिडिटी आधीच मिळालेली असेल तर ती प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच हलकं होतं. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांचे प्रस्ताव कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातात. ती संधी सोडू नका.

आम्ही बांद्याचे. मुलाला अकरावी-बारावीला गोव्यात घातलं तर चालेल का?

डॉक्टर व्हायचं असेल तर नका घालू. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात (संरक्षण दल, केंद्र सरकारी नोकरी अशा पालकांसाठी काही अपवाद आहेत). गोव्याच्या कोट्यासाठी तिथला रहिवास लागतो. मुलगा बारावीला म्हापशाला जातो, चांगले मार्क मिळवतो आणि मग दोन्ही राज्यांच्या कोट्यांतून बाहेर पडतो. त्याला उरतो फक्त ऑल इंडिया कोटा. दोडामार्ग, बांदा, आरोंदा या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात हे कुणीतरी दहावीच्या निकालाआधी सांगायला हवं.

डोंगरी भागाचा काही फायदा आहे का?

आहे. सरकारी आणि महापालिका कॉलेजांत डोंगरी भागासाठी थोड्या राखीव जागा असतात. कोकणातले अनेक तालुके आणि गावं त्या यादीत आहेत. शाळा कुठे झाली आणि पालकांचा रहिवास कुठला याच्या अटी आहेत, त्या माहितीपुस्तिकेत गाववार तपासा. बऱ्याच जणांना हा रकाना असतो हेच माहीत नसतं.

किती मार्कांना सरकारी सीट मिळते?

मार्क विचारू नका, राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक विचारा. २०२४ ला देशातल्या पहिल्या नंबरच्या मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. मागच्या वर्षीच्या मार्कांशी तुलना केली तर एका वर्षी उगाच हुरळून जाल आणि दुसऱ्या वर्षी उगाच खचाल. सीईटी सेल प्रत्येक राऊंडची यादी प्रसिद्ध करते. त्यातून तुमच्या प्रवर्गाचा शेवटच्या राऊंडला कुठल्या कॉलेजात कितवा क्रमांक थांबला ते वहीत उतरवून काढा. एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतर कुणा काउन्सेलरला पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रेफरन्स भरताना मिळणार नाही ते कॉलेज वर टाकलं तर खालचंही जातं का?

नाही जात. संगणक तुमच्या क्रमांकाला तुमच्या यादीतलं वरून पहिलं उपलब्ध कॉलेज देतो. केईएम पहिलं लिहून ते मिळालं नाही तर तो दुसऱ्याकडे जातो, दंड काही नाही. म्हणून यादी आवडीच्या क्रमाने लावा, शक्यतेच्या नाही. ज्याची फी भरूच शकत नाही ते कॉलेज मात्र यादीत टाकूच नका. मिळालं आणि सोडलं तर राऊंडनुसार अनामत जाते किंवा पुढच्या फेऱ्या बंद होतात. स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला की ती सीट पक्की आणि वर सरकायचा रस्ता बंद, तेव्हा सही करण्याआधी दोनदा विचार करा.

ऑल इंडिया कोट्यासाठी वेगळा फॉर्म का?

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, ८५ टक्के राज्य. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. फॉर्म दोन्ही भरा, खर्च फारसा नाही आणि दार एक जास्त उघडं राहतं. दोन जागा अडवून ठेवता मात्र येत नाहीत.

एक गृहस्थ म्हणतात, वीस लाख द्या, सीट करून देतो.

फोन ठेवा. नीटशिवाय आणि अधिकृत फेऱ्यांशिवाय देशात कुठेही एमबीबीएसला प्रवेश होत नाही. डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजला एका वेळी एकाच वर्षाची फी घेता येते, आणि प्रत्येक पैशाची पावती मिळायला हवी. पावती न देणाऱ्याला रुपयाही देऊ नका.

शैक्षणिक कर्ज काढावं का?

सरकारी सीटसाठी लागलंच तर बिनधास्त काढा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणाच्या काळातल्या व्याजाचं केंद्राचं अनुदान आहे. ते कॉलेजच्या मान्यतेवरही अवलंबून असतं, म्हणून अर्ज देतानाच बँकेत विचारा.

खासगी सीटसाठी चाळीस लाखांचं कर्ज ही वेगळी गोष्ट. दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३ हजार, आणि त्यात शिकतानाच्या वर्षांचं साठलेलं व्याज धरलेलं नाही. नुकता एमबीबीएस झालेला मुलगा तेव्हा पीजीचा अभ्यास करत असेल. वर तारण काय देणार? कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासून चुलत-चुलत भावांपर्यंत वीस-वीस नावं असतात. बँक त्या जमिनीकडे बघतही नाही. मग राहतं घर किंवा आईचे दागिने पुढे येतात. या टप्प्यावर मी प्रत्येकाला थांबवतो. एक वर्ष पुन्हा परीक्षा देणं याहून कितीतरी स्वस्त आहे.

सरकारी कॉलेजच्या बाँडची भीती वाटते.

शिक्षण झाल्यावर एक वर्ष शासनाच्या आरोग्य सेवेत काम करायचं, पगार घेऊन. न केल्यास दहा लाख दंड. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने जबाबदारी घेताना हात आणि निर्णय दोन्ही पक्के होतात. आपल्याच वाडीतल्या माणसांना त्या वर्षात डॉक्टर मिळतो. यात घाबरण्यासारखं काय आहे?

एएफएमसीबद्दल सांगा.

पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. नीटनंतर एमसीसीच्या संकेतस्थळावर त्याचा पर्याय निवडायचा, मग वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. ट्यूशन फी नाही, राहणं-खाणं सैन्याच्या शिस्तीत, आणि शिक्षण संपल्यावर सैन्यात अधिकारी म्हणून सेवा बंधनकारक. काटक मुलांनी आणि मुलींनी जरूर बघावं.

परदेशात स्वस्तात होतं ना?

जाहिरातीतली फी कमी दिसते. पण नियम २०२१ पासून कडक आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, परत आल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप. त्या परीक्षेत अलीकडच्या बहुतेक सत्रांत चार-पाच जणांमागे एकच पास झाला आहे. नापास झालेल्याच्या हाती इथे प्रॅक्टिस करता न येणारी डिग्री उरते. नीट पात्र असणं तिकडे जायलाही लागतंच.

मराठी माध्यमातून शिकलोय. जमेल?

नीटचा पेपर मराठीतून देता येतो. एमबीबीएस मात्र इंग्रजीतून आहे. पहिले सहा महिने जड जातात, मग शब्द ओळखीचे होतात. वॉर्डात म्हातारी आजी मालवणीत दुखणं सांगू लागली की सगळे तुमच्याच तोंडाकडे बघतात.

पुन्हा नीट द्यावी का? लातूरला पाठवू का?

प्रयत्नांना मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. पहिल्या खेपेला सरकारी सीट थोडक्यात हुकली असेल तर एक वर्ष द्यावं असं माझं मत आहे. दुसऱ्यांदाही बराच फरक राहिला तर पोराला त्या रेट्यात पुन्हा ढकलू नका. लातूरला किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास, खोली, मेस मिळून दोन-तीन लाख सहज जातात. एनसीईआरटीची पुस्तकं पाठ होतील इतकी वाचून, जुने पेपर घड्याळ लावून सोडवून घरी तयारी करणारी मुलंही सरकारी सीट मिळवतात. घरी शिस्त राहील का, ते मुलालाच विचारा. त्याचं उत्तर ऐकून घ्या.

एमबीबीएस नाहीच झालं तर?

नीटमधूनच आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक अशा वाटा निघतात. सरकारी आयुर्वेद कॉलेजची फी एमबीबीएसपेक्षा कमी. पशुवैद्यकाकडे आपल्याकडे कुणी बघत नाही, पण परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे आणि गावोगाव जनावरांच्या डॉक्टरांची गरज आहे. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते. नर्सिंग हा नाइलाजाचा पर्याय समजू नका, नोकरी लवकर लागते आणि काम मानाचं आहे. मात्र नाइलाजाने खासगी आयुर्वेदला लाखोंची फी भरून वर 'ॲलोपॅथीच करणार' असं ठरवून जाऊ नका. ज्या शास्त्राचा अभ्यास करणार ते आवडत असेल तरच जा.

प्रवेशाच्या दिवशी काय न्यायचं?

अलॉटमेंट लेटर, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, प्रवर्गाचे दाखले, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आधार, फोटो, डीडी. सगळं मूळ, आणि झेरॉक्सचे तीन-चार संच. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येकाचं स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. डीडी कोणाच्या नावे आणि कुठल्या शहरात वटणारा, हे कॉलेजच्या नोटिशीत बघून मगच बँकेत जा. नांदेड-गोंदियाला जायचं असेल तर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी निघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर दरड आली की गाड्या दहा-दहा तास रखडतात आणि कॉलेजचं ऑफिस संध्याकाळी पाचलाच बंद होतं.